पफर मासा घरी पाळताना पाण्यात मीठ घालायचे की नाही?

अश्विनी_मुलुंड (४ जून, रात्री ९.५०)

नमस्कार. माझा मुलगा आठवीत आहे आणि गेली दोन वर्षे तो गप्पी आणि निऑन टेट्रा मनापासून सांभाळतो आहे. गेल्या रविवारी आम्ही कुर्ल्याच्या बाजारात गेलो असताना त्याने तीन मासे पसंत केले. विक्रेत्याने तिघांनाही ‘पफर’ म्हटले, ते गोड्या पाण्यातले असून कोणत्याही टाकीत राहतात असे सांगितले आणि मिठाची गरज नाही, हेही ठामपणे सांगितले. तिघांपैकी एक साधारण दीड इंचाचा असून त्याची पाठ चकचकीत हिरवी, तिच्यावर गोल काळे ठिपके आणि पोट पांढरेशुभ्र आहे. उरलेले दोन वाटाण्याएवढे आहेत, पिवळसर अंगाचे, गडद डागांचे. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे.

दोन दिवसांत तीन गप्प्यांच्या शेपट्या कुरतडल्या गेल्या आहेत. वाचायला बसले तर एके ठिकाणी मीठ घाला म्हणतात, दुसरीकडे मीठ घातल्यास मासा मरेल असे लिहिलेले आहे. मुलगा शाळेतून आल्यावर तास तास टाकीसमोर बसतो, कारण हे मासे त्याच्याकडे डोळे फिरवून बघतात. त्यांना परत द्यावे, असे मला वाटत नाही. परंतु अज्ञानापायी त्यांचा जीव जाऊ नये, एवढीच इच्छा आहे. कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे.

शिंपला (४ जून, रात्री १०.०५)

ताई, मीठ नंतर. आज रात्रीच गप्पी आणि टेट्रा दुसऱ्या भांड्यात काढा, स्वच्छ बादलीही चालेल. शेपट्या कुरतडणे ही केवळ सुरुवात असते.

काचपेटी (४ जून, रात्री ११.२०)

शिंपला यांच्याशी पूर्ण सहमत. आता मूळ प्रश्नाकडे वळतो. इंटरनेटवर परस्परविरोधी उत्तरे मिळतात, कारण ‘पफर’ हे एका माशाचे नाव नाही. बाजारात या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळे मासे मिळतात आणि त्यांची पाण्याची गरज एकमेकांशी जुळत नाही. म्हणून आधी मासा ओळखायचा आणि मगच मिठाचे ठरवायचे.

आपण केलेल्या वर्णनावरून हिरवा मासा ग्रीन स्पॉटेड पफर असावा. त्याचे शास्त्रीय नाव डायकोटोमिक्टेरे निग्रोव्हिरिडिस. जुन्या पुस्तकांत तो टेट्राओडॉन निग्रोव्हिरिडिस म्हणून सापडेल. हा खाडीच्या तोंडाचा मासा आहे. लहानपणी तो गोड्या पाण्यात तग धरतो, वाढत्या वयात मात्र त्याला निमखारे पाणी लागते, आणि तो १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही थोडा मोठा होतो. दीड इंचाचा मासा बघून कोणाला हे खरे वाटत नाही, म्हणूनच तो इतका विकला जातो. शास्त्रज्ञांना हा मासा वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे: पृष्ठवंशीय प्राण्यांत त्याचा जीनोम (जनुकीय माहितीचा पूर्ण संच) फार आटोपशीर आहे आणि त्याचा आराखडा २००४ साली प्रसिद्ध झाला.

वाटाण्याएवढे दोन मासे म्हणजे पी पफर, शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रावनकोरिकस. हा आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा मासा. होरा आणि नायर यांनी १९४१ साली त्याचे वर्णन केले. पूर्ण वाढला तरी तो जेमतेम अडीच ते साडेतीन सेंटिमीटर भरतो. हा पूर्णपणे गोड्या पाण्यातला आहे. त्याच्या पाण्यात मीठ घालू नये.

तिसरा, आपल्याकडे नसलेला, फिगर एट पफर. त्याच्या गडद पाठीवर पिवळ्या-हिरव्या वळणदार रेघा असतात आणि शेपटीजवळ कडे असलेले ठिपके. तो ८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला अगदी सौम्य खारे पाणी मानवते.

याचा अर्थ, आपल्या तीन माशांपैकी एकाला मीठ हवे आहे आणि दोघांना नको आहे. ते एका टाकीत कायमचे राहू शकणार नाहीत. शिवाय हिरवा थोडा मोठा झाला की तो वाटाण्याएवढ्यांना सोडणार नाही.

शिवडीचा_बगळा (५ जून, सकाळी ८.१५)

काचपेटी यांच्या ज्ञानाबद्दल आदर ठेवून थोडी असहमती नोंदवतो. माझ्याकडे एक हिरवा पफर तीन वर्षे साध्या नळाच्या पाण्यात होता. त्याला मीठ कधीच दिले नाही आणि तो शेवटपर्यंत व्यवस्थित खात होता. नव्या माणसाला हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजायचे साधन), समुद्री मीठ, दोन टाक्या असे सांगून घाबरवू नये, असे माझे मत आहे.

खाडीकाठ (५ जून, सकाळी ९.४०)

बगळासाहेब, तीन वर्षे म्हणजे पुष्कळ असे आपल्याला वाटते, कारण बहुतेक घरांत हा मासा तेवढाही टिकत नाही. योग्य पाण्यात हाच मासा दहा वर्षे आणि त्याहून अधिक जगतो. आपला मासा ऐन उमेदीत गेला असे म्हणावे लागेल, आणि हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझा पहिला मासाही असाच गेला. त्याचे पोट हळूहळू करडे पडत गेले, तो एका कोपऱ्यात खाली टेकून बसू लागला आणि मी पाणी बदलत राहिलो. पोटाचा तो करडेपणा म्हणजे मासा बरा नसल्याची खूण आहे, हे मला फार उशिरा समजले. दुसरा मासा मी सुरुवातीपासून निमखाऱ्या पाण्यात ठेवला. तो आता सातव्या वर्षात आहे आणि त्याचे पोट आजही कागदासारखे पांढरे आहे.

शिवडीचा_बगळा (५ जून, सकाळी १०.०२)

माझ्या माशाचे पोटही शेवटच्या सहा महिन्यांत करडे झाले होते. मी ते वयाचे लक्षण समजत होतो. आपण लिहिलेत ते बरे केलेत.

मिठागर (५ जून, दुपारी १.३०)

मी भाईंदरला राहतो. आमच्याकडे मिठागरातले खडे मीठ सहज मिळते आणि ते समुद्राच्याच पाण्याचे असते. मग महागडे समुद्री मीठ पाकिटातून विकत घेण्याचे कारण काय? तसेच गोराईच्या किनाऱ्यावरून दोन कॅन पाणी आणून ते नळाच्या पाण्यात मिसळले तर चालणार नाही का?

निळीशाई (५ जून, दुपारी ३.१०)

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देते. समुद्राचे पाणी मिठागरात आटत जाते तेव्हा त्यातले सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसते, त्यानंतर जिप्सम, मग आपले खायचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात उरतात. मिठागरात मधल्या टप्प्यावरचे मीठ गोळा केले जाते. म्हणजे ते समुद्रातून आलेले असले तरी त्यात समुद्रातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा सामू (पीएच) स्थिर ठेवणारे घटक फारसे राहिलेले नसतात. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या समुद्री मिठात हे सगळे प्रमाणात मिसळलेले असते. पाणी केवळ खारट लागणे हा आपला हेतू नाही.

किनाऱ्यावरचे पाणी मात्र मुळीच आणू नये. आपल्या किनाऱ्याला किती सांडपाणी येऊन मिळते, हे कोणाला वेगळे सांगायला नको.

मिठागर (५ जून, दुपारी ३.२५)

इतक्या वर्षांत आमच्या मिठाबद्दल हे कोणी समजावून सांगितले नव्हते. धन्यवाद, बाई.

खाडीकाठ (५ जून, संध्याकाळी ७.००)

अश्विनीताई, आता मीठ कसे घालायचे ते सांगतो. घाई हा यातला सर्वांत मोठा धोका आहे. नळाच्या पाण्याची सापेक्ष घनता १.००० धरली तर समुद्राची साधारण १.०२५ असते. लहान हिरव्या पफरला १.००५ पासून सुरुवात करावी. त्यासाठी लिटरला अंदाजे ७ ते ८ ग्रॅम समुद्री मीठ लागते. परंतु आज शून्य आणि उद्या १.००५ असे करू नये. फिल्टरमधले जिवाणू, जे माशाच्या मलमूत्रातल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते अचानक वाढलेल्या खारेपणाने मरतात आणि मग मासा स्वतःच्याच घाणीने विषबाधा होऊन जातो. दर आठवड्याला पाणी बदलताना ०.००२ इतकेच वाढवावे. मीठ नेहमी वेगळ्या बादलीत नव्या पाण्यात पूर्ण विरघळवावे, घनता मोजावी आणि नंतरच ते पाणी टाकीत ओतावे.

आणखी एक गोष्ट नवीन लोक हमखास विसरतात. टाकीतले पाणी वाफ होऊन कमी होते तेव्हा मीठ खालीच राहते. म्हणून घटलेली पातळी भरून काढताना साधे, क्लोरीन काढलेले गोडे पाणी घालावे. तिथे पुन्हा खारे पाणी घालत राहिलात तर महिन्याभरात घनता कुठल्या कुठे जाईल.

मासा मोठा होईल तशी घनता वाढवत न्यायची असते. किती, यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. मी माझा मासा १.०१२ वर स्थिर ठेवला आहे. काही जण पूर्ण वाढलेल्या माशाला जवळजवळ समुद्राच्या पाण्यापर्यंत नेतात.

मालवणी_होडी (५ जून, रात्री ९.१५)

हा धागा वाचून गावाची आठवण झाली. आमच्याकडे या जातीच्या माशाला केंड म्हणतात आणि त्याचे नाव कोणी प्रेमाने घेत नाही. समुद्रातल्या केंडांचा थवा जाळ्यात शिरला की ते आपल्या चोचीने जाळे कुरतडतात आणि त्यात अडकलेली मासळीही चावून टाकतात. माझ्या काकांनी एका सकाळी किनाऱ्यावर पसरलेले जाळे मला दाखवले होते. त्याला इतकी भोके होती की ते दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणे स्वस्त पडले असते. जाळ्यातून वाळूत टाकलेला केंड चेंडूसारखा फुगलेला असे आणि आम्ही मुले त्याला काठीने ढकलत असू. आज ते आठवले की वाईट वाटते. मुंबईत एक मुलगा त्याच माशाच्या भावंडासाठी रात्री आईला पाण्याचे प्रश्न विचारायला लावतो, हे वाचून बरे वाटले.

केंड कधी खाऊ नये, एवढे मात्र आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

सायनचा_डॉक्टर (५ जून, रात्री ११.४५)

मालवणी_होडी यांचे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. या माशांच्या विषाला टेट्रोडोटॉक्सिन म्हणतात; जपानी शास्त्रज्ञ ताहारा यांनी १९०९ साली त्याला हे नाव दिले. हे विष मज्जातंतूंच्या पेशीतील सोडियमची वाट बंद करते. आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातापायांतली शक्ती जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा नाही. रुग्णाला श्वसनयंत्रावर ठेवून विष उतरण्याची वाट पाहावी लागते. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही.

परंतु पाळणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. मासा टाकीत असताना किंवा पाण्याला हात लागल्याने बाधा होत नाही. हे विष मासा स्वतः तयार करत नाही. ते जिवाणूंपासून आणि अन्नसाखळीतून त्याच्या अंगात साठते. तरीही मासा मेला तर तो मांजरापुढे टाकू नये, कागदात गुंडाळून नीट विल्हेवाट लावावी. मोठा पफर बोट चावू शकतो आणि ती जखम चांगलीच खोल असते, एवढे लक्षात ठेवावे.

शिंपला (६ जून, सकाळी ७.३०)

फुगण्यावरून एक विनंती. पफर गंमत म्हणून फुगवू नका. तो पोटात पाणी गिळून फुगतो आणि त्यासाठी त्याला बराच ताण सोसावा लागतो. जाळीत धरून पाण्याबाहेर काढला तर तो हवा गिळतो आणि ती हवा काही वेळा बाहेर पडत नाही. टाकी बदलताना मासा वाटीत किंवा मगात पाण्यासकट घ्यावा. मुलाला हे आवर्जून सांगा, कारण मित्र घरी आले की ‘फुगवून दाखव’ असे म्हणणार आहेत.

गोगलगाय_वर्सोवा (६ जून, सकाळी ११.००)

आता खाण्याविषयी, कारण माझ्या मते पफरच्या बाबतीत मीठ आणि खाणे यांचे महत्त्व सारखेच आहे. या कुळाच्या शास्त्रीय नावाचाच अर्थ ‘चार दात’ असा आहे. ते चार दात एकत्र जुळून चोच बनलेली असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. रानात मासा शंख आणि खेकडे फोडून ती झिजवतो. टाकीत आपण त्याला मऊ ब्लडवर्मच (लाल अळ्या) देत राहिलो तर चोच वाढून तोंड बंद होते आणि अन्न समोर असूनही मासा उपाशी मरतो. कोरडे दाणे तर बहुतेक पफर तोंडातही घेत नाहीत.

माझ्याकडे हे घडले आहे. माझ्या फिगर एटचे दात मला लक्षात येण्याआधी इतके वाढले की तो गोगलगाय पकडायचा आणि सोडून द्यायचा. एका अनुभवी मित्राने लवंगतेलाच्या अगदी सौम्य मिश्रणात त्याला गुंगी आणली आणि नखांच्या बारीक कटरने टोक कापले. पाच मिनिटांचे काम होते, पण माझे हात थरथरत होते. मात्रा किंचित जास्त झाली तर मासा परत शुद्धीवर येत नाही. हे नवशिक्याने करू नये, आणि करण्याची वेळच येऊ देऊ नये.

त्यासाठी उपाय सोपा आहे. पाणवनस्पती विकत घेतल्या की त्यांच्याबरोबर रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर जातीच्या छोट्या गोगलगायी फुकट येतात. त्या एका वेगळ्या बादलीत ठेवाव्यात, भाजीच्या पानांवर त्या झपाट्याने वाढतात. वाटाण्याएवढ्या पफरला अगदी लहान द्याव्यात. लांब, टोकदार, कडक कवचाची ट्रम्पेट गोगलगाय मात्र छोट्या पफरला देऊ नये, चोच तुटू शकते. ओढ्यातून किंवा खाडीतून उचलून आणलेल्या गोगलगायीही टाळाव्यात, त्यांच्याबरोबर परजीवी येतात.

निळीशाई (६ जून, दुपारी १२.१०)

बादलीबद्दल एक महत्त्वाची सूचना: गॅलरीत ठेवणार असाल तर ती बारीक जाळीने घट्ट झाका. पावसाळा तोंडावर आहे आणि डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात तयार होतो. पालिकेचे कर्मचारी इमारतीत तपासणीला येतात, ते योग्यच आहे.

गोगलगाय_वर्सोवा (६ जून, दुपारी १२.३०)

बरोबर. मी जाळीवर रबर लावून ठेवते. डासांच्या अळ्या हे पी पफरचे आवडते खाणे आहे हे खरे असले तरी त्या घरी पैदा करण्याचा विचार कोणी करू नये.

खाडीकाठ (६ जून, रात्री ८.२०)

हिरव्या माशासाठी बाजारातूनच खाणे मिळते. कोळणीकडून आठवड्याला चारपाच तिसऱ्या (शिंपल्या) घ्याव्यात आणि कवच थोडे उघडून टाकीत सोडाव्यात. कोळंबी सालासकट द्यावी, चिंबोरीची नांगी किंचित चेचून द्यावी. मात्र कोळंबी आणि तिसऱ्यांत थायामिनेज असते, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते, म्हणून रोज तेच देऊ नये; गोगलगायी, गांडुळाचे तुकडे असे आलटून पालटून द्यावे. सुका जवळा टाळावा. उरलेले तासाभरात काढून टाकावे. हा मासा फार उधळून खातो, त्यामुळे आठवड्याला किमान तिसरा हिस्सा पाणी बदलावेच लागते.

सह्याद्री_पायवाट (७ जून, सकाळी ९.००)

सर्वांची तळमळ दिसते आहे, तरीही मला एक अप्रिय गोष्ट मांडायची आहे. पी पफर हा जगात केवळ पश्चिम घाटात सापडतो. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. धरणे, जंगलतोड आणि नद्यांचे प्रदूषण ही कारणे आहेतच, त्यात मत्स्यालयांसाठी होणाऱ्या पकडीची भर पडते. बाजारातले कितीतरी मासे थेट नदीतून उचललेले असतात. आपण ते विकत घेतो तेव्हा आणखी पकडण्याचे कारण निर्माण करतो. शिकार करणाऱ्याला आपण नावे ठेवतो आणि काचेच्या पेटीत मात्र तीच गोष्ट सुंदर म्हणवून घेतो, याचे मला दुःख होते.

काचपेटी (७ जून, सकाळी १०.३०)

आपला मुद्दा मी टाळणार नाही, तो खरा आहे. मी स्वतः गेली चार वर्षे नदीतून आलेला पी पफर घेतलेला नाही. परंतु हा मासा घरच्या टाकीत पैदा होऊ शकतो. जावा मॉस या पाणवनस्पतीच्या दाट जाळीत मादी एकेक करून थोडी अंडी सोडते, पिल्ले साधारण पाच दिवसांत बाहेर येतात आणि आरंभी त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसतील असे सूक्ष्मजीव व नंतर आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जीवाची पिल्ले द्यावी लागतात. मोठी संख्या कधीच होत नाही. माझ्याकडे गेल्या वर्षभरात एकोणीस पिल्ले वाढली आणि ती मी ओळखीतल्या पाळणाऱ्यांना दिली. घरी वाढलेला मासा विचारणारे ग्राहक वाढले तर नदीवरचा भार थोडा तरी कमी होईल.

अश्विनीताईंकडे आहेत ते दोन मासे आता नदीत परत जाणार नाहीत, आणि त्यांना मुंबईच्या तलावात किंवा नाल्यात सोडणे तर त्याहून वाईट. त्यांची उत्तम काळजी घेणे हेच आता शक्य आहे. ते नदीतूनच आलेले असण्याची शक्यता धरून पोट खपाटीला गेले आहे का, हे रोज पाहा. खात असूनही मासा वाळत असेल तर आतड्यात जंत असू शकतात. पफरला खवले नसल्यामुळे औषधांचा, विशेषतः तांबे असलेल्या औषधांचा, त्याला लवकर त्रास होतो; म्हणून कोणतेही औषध अंदाजाने ओतू नये.

सह्याद्री_पायवाट (७ जून, सकाळी ११.१५)

मासे पाण्यात सोडू नयेत, हे आपण स्पष्ट लिहिलेत याबद्दल आभार. घरी वाढवण्याविषयी आपण वेगळा धागा काढावा, मी तो नक्की वाचेन.

चर्नीरोड (७ जून, दुपारी ४.००)

लहानपणी वडील आम्हाला दर सुट्टीत तारापोरवाला मत्स्यालयात नेत. १९५१ साली सुरू झालेल्या त्या इमारतीत काचेला नाक लावून मासे बघताना वडील एकच सांगायचे, की या काचेच्या मागे कोणीतरी रोज पाणी तपासते. ते वाक्य मला तेव्हा कंटाळवाणे वाटे. आज माझ्या घरी तीन फुटी टाकी आहे आणि मीही रोज पाणी तपासतो. विषयाला धरून एवढेच सांगतो, की तीन फूट बाय सव्वा फूट बाय सव्वा फूट टाकीत १३० लिटर पाणी मावते आणि काच, वाळू, स्टँड धरून वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. जुन्या इमारतीत अशी टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या रेषेत ठेवावी.

अश्विनी_मुलुंड (७ जून, रात्री १०.१०)

इतक्या आपुलकीने उत्तरे येतील असे वाटले नव्हते. गप्पी आणि टेट्रा शेजारच्या काकूंच्या टाकीत गेले आहेत. मुलाने आज दिवसभर हा धागा वहीत उतरवून घेतला. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पी पफर दोनच ठेवणे योग्य आहे का? आणि आमची खोली वरच्या मजल्यावर असल्याने मे महिन्यात टाकीचे पाणी ३२ अंशांपर्यंत गेले होते, त्यावर काय करावे?

शिंपला (७ जून, रात्री १०.४०)

तापमानाचे आधी सांगतो. टाकीचे झाकण उघडून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा ठेवा. दोन अंशांचा फरक सहज पडतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप रात्रीही बंद करू नये. मुंबईत हीटरची गरज जवळजवळ पडत नाही.

दोन पी पफरबद्दल: दोन्ही नर असतील तर दुबळ्याचे हाल होतील. नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ असते आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्यांसारख्या रेषा दिसतात. मादी गोलसर असते. एक नर आणि एक मादी असेल तर दाट वनस्पती लावून त्यांची एकमेकांकडे जाणारी नजर तोडावी. काही जण सहाआठ मासे मोठ्या टाकीत एकत्र ठेवतात आणि भांडण विभागले जाते, असे सांगतात. मी तो प्रयोग पाहिला आहे, दाट झाडी असेल तरच तो साधतो.

अश्विनी_मुलुंड (१४ जुलै, रात्री ९.३०)

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. बाजारातून आणखी मासे आणायचे नाहीत, असे मुलानेच ठरवले. दोन फुटी टाकी पी पफरांना दिली, तिच्यात जावा मॉस आणि जावा फर्न इतके वाढले आहे की कधी कधी मासे शोधावे लागतात. सुदैवाने त्यांच्यात एक नर आणि एक मादी आहे.

हिरव्यासाठी वडिलांनी नातवाला तीन फुटी टाकी घेऊन दिली. जुन्या फिल्टरमधला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घालून ती आधी दोन आठवडे चालवली, अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत मासा हलवला नाही. शिंपला यांनी सांगितल्याप्रमाणे त्याला मगातूनच नेले, तो फुगला नाही. मिठाची सुरुवात नव्या टाकीतच केली; पहिल्या आठवड्यात १.००२, दुसऱ्यात १.००४, आणि परवाच्या रविवारी १.००५. पहिल्या दोन दिवसांत पोटावर थोडी करडी छटा आली होती, आज ते पूर्ण पांढरे आहे. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी घनता, तापमान आणि खाल्लेल्या गोगलगायींची संख्या लिहितो.

तूर्त १.००५ वरच थांबावे की वाढवत जावे?

खाडीकाठ (१४ जुलै, रात्री १०.१५)

तूर्त तिथेच थांबा. मासा तीन इंचांचा होईपर्यंत एवढे पुरे आहे. त्यानंतर दर महिन्याला ०.००२ या गतीने वर न्या. या पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास नेहमीपेक्षा अधिक येत असेल, तर पाणी बदलताना क्लोरीन काढणारे औषध विसरू नका, आणि ज्या रविवारी घनता वाढवाल त्या दिवशी त्याला अर्धेच खाणे द्या.

शिवडीचा_बगळा (१५ जुलै, सकाळी ८.००)

ताई, कॅलेंडरचे पान इथे अवश्य लावा. मी नवी टाकी घेतली आहे आणि या वेळी मिठासह सुरुवात करणार आहे. मला तुमच्या मुलाचे आकडे हवे आहेत.